विश्लेषण : अंगणवाडी वाडीवस्तीवर पोहोचली, पण ताराबाई मोडक यांची शिक्षिका कुठे राहिली?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत, वाडीवस्तीवरच्या मुलांची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी-गोष्टी शिकवायच्या, आहार द्यायचा, वजन-उंची मोजायची, गरोदर मातांची नोंद ठेवायची आणि हे सगळे मोबाइलवर भरायचे. हे काम करणाऱ्या सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळते. अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना ज्यांच्या कामातून आली, त्या ताराबाई मोडक यांच्या निधनाला आता अर्धशतक उलटले आहे. त्यांच्या अंगणवाडीत सगळ्यात महत्त्वाची होती ती शिक्षिका. सरकारी योजनेत तीच शिक्षिका मानधनावरची स्वयंसेविका कशी झाली, हे समजून घ्यायचे तर ताराबाईंचे आयुष्य पाहावे लागते.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते आणि मुलींनी शिकावे, ही त्या घरात वादाची गोष्ट नव्हती. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्रिया मोजक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले.

पदरी लहान मुलगी होती. एकट्या बाईने नोकरी करून मूल वाढवायचे, हा प्रश्न ताराबाईंनी पुस्तकात वाचला नव्हता, तो त्यांच्याच घरातला होता. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेचे प्रमुखपद ही त्या काळी मानाची जागा होती. ती सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गेल्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये बसू लागल्या.

प्राचार्यपद सोडून बालमंदिरात का?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत भारतीय घरातल्या मुलांसाठी कशी वापरता येईल, याचे प्रयोग तिथे चालत. धाक नाही, मार नाही, घोकंपट्टी नाही. मूल स्वतःच्या हाताने काम करते, शिक्षिका त्याच्याकडे लक्ष ठेवते आणि गरज असेल तिथेच मदत करते.

लहान मुलांना शिकवणे हे कमी शिकलेल्या बाईचे काम आहे, मोठ्या वर्गाला शिकवणे हे अधिक बुद्धीचे, असा समज तेव्हाही होता. ताराबाईंच्या निर्णयाने हा क्रम उलटा केला. त्यांच्या मते वय जितके लहान तितकी शिक्षिका अधिक जाणती हवी. तीन वर्षांचे मूल आपली अडचण शब्दांत सांगू शकत नाही, ती त्याच्या वागण्यातून ओळखावी लागते.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षणपत्रिका हे मासिक सुरू झाले, गुजरातीत आणि पुढे १९३३ पासून मराठीतही. पालक आणि शिक्षक या दोघांशी बोलणारे असे मासिक मराठीत तेव्हा नवीनच होते. त्यानंतर ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मुलांच्या बालमंदिराबरोबरच तिथे शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. ताराबाईंच्या कामाचा हा कायमचा नियम होता : मुलांचा वर्ग सुरू करायचा, तर शेजारी शिक्षिकांचा वर्गही हवा.

मुंबई सोडून बोर्डीला का?

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतली होती. माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग होते. खेड्यातल्या गरीब मुलाला ही पद्धत कधी मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. महात्मा गांधींच्या नई तालीम विचारातही लहान वयाचे शिक्षण आणि खेडे यांची सांगड घालण्याची चर्चा याच काळात सुरू होती.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे डहाणूजवळचे समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि आता पालघर जिल्ह्यात. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी त्या परिसरात वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा आणि मजुरीच्या दरासाठीचा लढा पेटला होता. दिवसभर राबणाऱ्याला कामाचे पुरते दाम मिळत नाहीत, हेच तिथल्या गरिबीचे मूळ होते. बालवाडीत येणारी आणि न येणारी मुले याच घरांतली होती.

अंगणवाडीची कल्पना कशी निघाली?

गावात बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. अंतर होते, अंगावर कपडे नव्हते, पोटात भूक होती आणि गावातल्या वस्तीत जायचा संकोच होता. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जायचे, असे ठरले. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

साहित्यही तिथलेच. माँटेसरीच्या लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंखशिंपले, खडे, पाने, माती. मोजणे, जुळवणे, लहान-मोठे ओळखणे हे सगळे त्यातून शिकवता येई. घरचे लोक ओट्यावर बसून हे पाहत. त्यामुळे मुलाला स्वच्छ कसे ठेवायचे, त्याच्याशी कसे बोलायचे, हेही न सांगता घरापर्यंत पोहोचे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ताराबाईंनी साहित्याचा खर्च कमी केला, शिक्षिकेची पात्रता कमी केली नाही. तयार साहित्य हाताशी नसताना खड्यांतून गणित शिकवायचे तर शिक्षिकेला अधिकच समज लागते. पुढे सरकारी योजनेत नेमका इथेच घोळ झाला. स्वस्त साहित्याबरोबर शिक्षिकाही स्वस्त ठरली.

कामाला माणसे टिकली कशी?

बोर्डीला ताराबाईंना भेटलेली सर्वांत मोठी सहकारी म्हणजे अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई बालविधवा होत्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या, आधी चांदवड तालुक्यात आणि मग पुण्यातल्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. नोकरी करत रात्रशाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत याच कामात राहिल्या. ही ४७ वर्षे होतात.

अनुताईंची निष्ठा मोठीच, पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते. त्यांच्यावर मुलाबाळांच्या खर्चाची जबाबदारी नव्हती, आणि हे काम त्यांनी आयुष्याचे ध्येय म्हणून निवडले होते. अशी माणसे एखाद्या संस्थेला मिळतात. गावोगावच्या हजारो केंद्रांसाठी अशा अनुताई मिळतील, असे गृहीत धरून योजना आखता येत नाही.

हे ओळखूनच संस्थेत बालसेविकांच्या प्रशिक्षणावर भर राहिला. ध्येयवादी माणूस शोधत बसण्यापेक्षा साध्या शिकलेल्या मुलीला हे काम नीट शिकवायचे, हा तो मार्ग होता. शहरातून आलेली शिक्षिका कधी तरी परत जाणार, गावातली मुलगी राहील, हेही त्यात होते. मात्र ती केवळ गावातली आहे म्हणून नव्हे, तर तिला काम येते म्हणून शिक्षिका, हा फरक ताराबाईंनी कधी सोडला नाही.

विकासवाडी आणि कुरणशाळा म्हणजे काय?

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे आणखी एक अडचण पुढे आली. प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाची मुले शाळेत येत नव्हती, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे. आई-बाप दोघेही मजुरीला जात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. मोठी बहीण तान्ह्या भावाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. या एकत्रित रचनेला विकासवाडी म्हणतात.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले गुरांमागे कुरणावर जातात, तर शाळाही कुरणावर. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. या प्रत्येक प्रयोगात नियम एकच : कुटुंबाच्या कामाच्या वेळा बदलता येत नसतील तर शाळेने बदलावे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण देण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारने काय घेतले आणि काय सोडले?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. गावपातळीवरच्या केंद्राचे नाव ठरले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. कुपोषणाशी लढण्यासाठी ही व्यवस्था फार मोलाची ठरली, हे नाकारता येत नाही.

पण ताराबाईंच्या अंगणवाडीत जे मुख्य काम होते, ते पूर्वप्राथमिक शिक्षण, इथे सहापैकी एक झाले. आणि ते करणारी बाई सरकारी कर्मचारी नाही, ती समाजकार्य म्हणून अर्धवेळ मदत करते, असे गृहीत धरण्यात आले. म्हणून पगार नाही, मानधन. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, मॅट्रिक नसलेल्या सेविकेला १०० रुपये आणि मदतनिसाला ३५ रुपये मिळत.

हा केवळ शब्दांचा फरक नाही. मानधन म्हटले की वेतनश्रेणी नाही, महागाई भत्ता नाही, किमान वेतनाचा कायदा लागू करण्याचे बंधन नाही आणि निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या प्रकरणात अंगणवाडी सेविका या नागरी सेवेतील पद धारण करत नाहीत, असा निकाल दिला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असे स्पष्ट केले आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच मानले. म्हणजे एका बाजूने कर्मचारी नाही आणि दुसऱ्या बाजूने कर्मचाऱ्याचा एक हक्क आहे, अशी ही मधली अवस्था आहे.

मानधन किती वाढले?

गेल्या काही वर्षांतील मुख्य टप्पे असे :

• ऑक्टोबर २०१८ : केंद्राने ठरवलेले सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये.

• २०२३ : महाराष्ट्रात राज्याच्या वाढीसह सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० रुपये.

• ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४ : राज्यभरातील सेविका आणि मदतनिसांचा ५२ दिवसांचा संप. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन या मागण्या पुढे होत्या.

• ऑक्टोबर २०२४ पासून : सेविकेला १३,००० आणि मदतनिसाला ७,५०० रुपये. शिवाय कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता सेविकेला २,००० रुपयांपर्यंत आणि मदतनिसाला १,००० रुपयांपर्यंत.

महिन्यात २५ दिवस काम धरले, तर प्रोत्साहन भत्ता सोडून सेविकेला दिवसाला ५२० रुपये पडतात आणि मदतनिसाला ३०० रुपये. आपल्या गावात टोमॅटो तोडणीला किंवा कांदा काढणीला बाईला किती मजुरी मिळते, याच्याशी हा आकडा ताडून पाहिला, तर मदतनिसाची जागा भरणे आणि भरलेली टिकवणे कठीण का जाते, ते कळते.

जुन्नर-आंबेगावात याचा अर्थ काय?

या दोन तालुक्यांचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर हा कुकडी-घोडच्या पाण्यावरचा बागायती पट्टा. पश्चिमेला महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, भातशेती आणि हिरडा. या भागाचा आदिवासी विकास प्रकल्प घोडेगावहून चालतो.

पूर्वेकडे सेविकेला पर्याय असतात. शेतमजुरी, बाजारपेठेतले दुकान, खासगी नर्सरीतली नोकरी. शिकलेली मुलगी अधिक पैसे देणारे काम निवडू शकते. पश्चिमेकडे पर्याय कमी, म्हणून सेविका वर्षानुवर्षे टिकते. हे टिकणे समाधानाचे लक्षण मानले जाते, तिथेच चूक होते. सेविका गावातलीच असावी, असा नियम असल्याने तिला बदली मागता येत नाही, आणि तिने जागा सोडली तर त्याच वाडीत बारावी झालेली दुसरी बाई लगेच मिळेल असे नाही. ती टिकते, पण आवणीच्या दिवसांत स्वतःच्या खाचरातले काम, घरचे काम आणि केंद्र यांत तिची ओढाताण होते.

लहान वस्त्यांवरच्या मिनी अंगणवाडीत तर मदतनीसच नसे. आहार, शिकवणे, नोंदी, सगळे एकटीने. अशा केंद्रांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचा निर्णय अलीकडे झाला, पण दर्जा वाढला की मदतनिसाची जागा भरावी लागते आणि प्रश्न पुन्हा मानधनापाशी येतो.

त्यात कामे वाढत गेली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजच्या नोंदी आल्या. डोंगरात रेंज मिळेल तिथे जाऊन त्या भराव्या लागतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे काम सेविकांकडे आले. निवडणूक, सर्वेक्षण, लसीकरण मोहीम यांसाठीही गावातली हाताशी असलेली बाई तीच. या सगळ्यात ज्या कामासाठी ताराबाई पाड्यावर गेल्या, ते मुलाशेजारी बसण्याचे काम मागे पडते. नोंद राहिली तर वरून विचारणा होते, गोष्ट सांगायची राहिली तर कुणी विचारत नाही.

कमी मोबदल्याची किंमत कोण मोजते?

पहिली किंमत सेविका मोजते, हे उघड आहे. दुसरी किंमत मूल मोजते. तीन वर्षांचे मूल आईपासून दूर जाऊन पहिल्यांदा ज्या बाईवर विश्वास टाकते, ती वर्षाच्या मध्येच बदलली तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मदतनीस नसेल तर सेविका चुलीपाशी अडकते आणि मुले नुसती बसून राहतात. मग ज्यांना परवडते ते पालक मुलाला नारायणगाव किंवा मंचरच्या इंग्रजी नर्सरीत घालतात आणि अंगणवाडीत उरतात ती ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांची मुले. ही मुले पहिलीत येतात तेव्हाच मागे असतात. ताराबाईंना दादर सोडून बोर्डीला नेणारी दरी ती हीच होती.

पुढे काय व्हायला हवे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा या वयोगटाला शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सेविका ही शिक्षिका आहे, हे धोरणाने मान्य केले. पण पहिलीच्या शिक्षकाला वेतनश्रेणी आणि त्याच्याकडे मूल पाठवणाऱ्या सेविकेला मानधन, ही तफावत तशीच आहे. पात्रता वाढवली आणि मोबदला मागे ठेवला, तर प्रशिक्षण घेतलेली बाईच आधी बाहेर पडेल, कारण तिलाच बाहेर मागणी असेल.

सगळ्या सेविकांना वेतनश्रेणी द्यायची तर खर्च मोठा आहे आणि केंद्र-राज्य यांनी तो कसा वाटून घ्यायचा, हा प्रश्न खरा आहे. तो सुटेपर्यंत काही गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला देणे, ते महागाईशी जोडणे, योजनाबाह्य कामे थांबवणे, मदतनिसाची जागा रिकामी न ठेवणे आणि डोंगरी वस्तीवरच्या सेविकेला वेगळा भत्ता देणे.

ताराबाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी बोर्डीच्या पाड्यावर दाखवून दिले, की इमारत नसेल तर अंगण चालते, ठोकळे नसतील तर चिंचोके चालतात. शिक्षिकेवाचून चालते, असे मात्र त्यांच्या एकाही प्रयोगातून निघत नाही. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांवर अंगण आहे, मुले आहेत आणि मुलांजवळ बसणारी बाईही आहे. तिला शिक्षिकेचा मान आणि मोबदला देणे, एवढेच ताराबाईंच्या कामातले शिल्लक राहिले आहे.